आधी मुलांचा दिवस लिहून काढा

प्रश्न थोडक्यात असा:

"माझं माहेर इंदूरचं, सुदामा नगरचं. सासर पुण्याचं. लग्नाला अकरा वर्षं झाली. मुलगा 8 वर्षांचा, मुलगी 4 वर्षांची. पाच महिन्यांपूर्वी भांडणानंतर नवऱ्याने मला रात्रभर घराबाहेर ठेवून दार लावून घेतलं. दोन दिवसांनी मी मुलांना घेऊन आई-बाबांकडे आले आणि त्यांना इथल्या शाळेत घातलं. आता त्याने पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा दावा लावलाय आणि मुलांचा ताबा मागितलाय. समन्सचं पाकीट आलं तेव्हा बाबांनी ते न घेता परत पाठवलं. नवरा म्हणतो, कायद्याने बाप हाच पालक, आणि तुला तर नोकरीही नाही. काका म्हणतात, 498-अ, म्हणजे सासरच्या छळाची पोलीस तक्रार, टाक, आठ दिवसांत सरळ येईल. मुलगा बाबांशी बोलायचं म्हणतो, पण फोन झाला की रात्री रडतो, म्हणून महिनाभर फोन बंद ठेवलाय. मी काय करू? मुलाला काय सांगू?"

ताई, आधी ते पाकीट बघू. बाकीचं त्यानंतर.

बाबांनी ते परत पाठवलं ते तुमच्या काळजीपोटी, पण कायद्यात समन्स घ्यायला नकार दिला की ते मिळालं असंच धरतात. पोस्टमन पाकिटावर शेरा मारतो, पाकीट पुण्याला परत जातं आणि न्यायालय समजतं की तुम्हाला दाव्याची माहिती आहे. पुढच्या तारखेला तुमच्या वतीने कोणी उभं राहिलं नाही, तर दावा एकतर्फी चालू शकतो. एकतर्फी आदेश रद्द करून घेता येतो, हे खरं. पण तोवर ताब्याचा अंतरिम आदेश हातात घेऊन नवरा सुदामा नगरच्या दारात उभा राहिला, तर तो प्रसंग मुलं आयुष्यभर विसरणार नाहीत. म्हणून आजच मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप उतरवून घ्या, पुण्याचं कौटुंबिक न्यायालय निवडा, नवऱ्याचं नाव आणि वर्ष टाका. दाव्याचा क्रमांक, 16 अक्षरांचा सीएनआर क्रमांक (दाव्याची स्वतंत्र ओळख) आणि पुढची तारीख दिसेल. आपण इकडे जिला पेशी म्हणतो, तिला पुण्यात तारीख म्हणतात, एवढाच फरक. त्या तारखेआधी पुण्यातल्या वकिलाकडे वकालतनामा पोहोचला पाहिजे. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी उत्तर द्यायचं असतं, आणि न्यायालयाच्या परवानगीने 90 दिवसांपर्यंत मुदत मिळते. पाकीट परत गेल्याची तारीख आठवत असेल तर कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

वकिलाचे पैसे नाहीत असं तुम्ही लिहिलं नाही, पण नोकरी नाही म्हणता म्हणून सांगते. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिच्या उत्पन्नाची अट नाही. इंदूरला आणि पुण्याला, दोन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. टोल-फ्री क्रमांक 15100. आणखी एक लक्षात ठेवा. कौटुंबिक न्यायालयात वकील देणं हा हक्क नसून त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. ती सहसा मिळते, पण न्यायाधीश तुमच्याशी थेट बोलतात. तेव्हा स्वतःची हकीकत स्वतःला सांगता आली पाहिजे, "वकीलसाहेबांना विचारा" म्हणून चालत नाही.

आता पुणं की इंदूर. तुम्ही दोघं शेवटचे एकत्र पुण्यात राहत होता, त्यामुळे हिंदू विवाह कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पुण्यात दावा लावायचा त्याला अधिकार आहे आणि त्याच दाव्यात कलम 26 खाली मुलांचा ताबाही मागता येतो. "पुण्याच्या कोर्टाला अधिकारच नाही" असं सांगणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. फक्त ताब्याचा अर्ज त्याने 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली वेगळा केला असता, तर मूल सामान्यपणे जिथे राहतं तिथलंच न्यायालय, हा मुद्दा आला असता. तिथेही पाच महिन्यांच्या इंदूरने आठ वर्षांचं पुणं पुसलं जाईल, हे गृहीत धरू नका.

तुमच्यापुढे रस्ते दोन. एक, पुण्यात हजर राहून लढायचं, व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर राहण्याची परवानगी मागायची आणि प्रत्यक्ष जावं लागेल त्या तारखांचा प्रवासखर्च हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली नवऱ्याकडून मागायचा. दुसरा, दावा इंदूरला वर्ग करून घ्यायचा. दोन राज्यांमधला दावा वर्ग करण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला आहे. आपल्या एमजी रोडवरच्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला तो नाही. अशा अर्जात बाईची अडचण, लहान मुलं, सहाशे किलोमीटरचा प्रवास हे सगळं पाहिलं जातं. पण बाईने अर्ज केला की दावा वर्ग होतोच, असं नाही. शिवाय वेळ जातो. पत्नी जिथे राहते तिथे तिला स्वतःची घटस्फोटाची याचिका करता येते, ही सोय 2003 पासून आहे. मात्र त्याचा दावा आधीचा असल्यामुळे तुमची नंतरची याचिका त्याच्या मागे पुण्याला जाऊ शकते. माझं मत विचाराल तर आधी पुण्यात हजर व्हा, उत्तर दाखल करा, आणि वर्ग करण्याचा निर्णय पुण्याच्या वकिलाने कागद पाहिल्यावर घ्या. मैदान कुठलं यावर सगळी ताकद घालवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. वर्ष गेलं आणि मुलांबद्दल न्यायालयापुढे एक ओळ आली नव्हती.

"बाप हाच पालक" याचं उत्तर छोटं आहे. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याच्या कलम 6 मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि "त्यांच्यानंतर" आई असे शब्द आहेत. पण 1999 मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की "त्यांच्यानंतर" म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतरच असं नाही. शिवाय पालकत्व वेगळं आणि ताबा वेगळा. त्याच कलमात पुढे लिहिलंय की 5 वर्षांखालच्या मुलाचा ताबा सहसा आईकडे असावा. तुमची धाकटी त्यात बसते. "सहसा" या शब्दावर मात्र बोट ठेवून वाचा. तो पक्का हक्क नाही, आणि तिचा पाचवा वाढदिवस झाला की तिला उचलून बापाकडे द्यायचं असंही नाही. भावंडांची ताटातूट करायला न्यायालयं नाखूष असतात, तेही तुमच्या बाजूने आहे. आणि नोकरी नसणं म्हणजे आई म्हणून नालायक असणं नव्हे. पैशाची उणीव पोटगीने भरून काढायची असते. त्याच कायद्याचं कलम 13 सांगतं की मुलाचं हित सर्वांत वरचं, आई-बापांचे हक्क त्याखाली.

आता हे "हित" ठरवतात कशावरून? इथेच माझं सगळं सांगणं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

न्यायाधीशांना तुम्ही दोघंही अनोळखी. दोघंही म्हणणार, माझं मुलांवर जास्त प्रेम आहे. दोघांच्याही डोळ्यांत पाणी असणार. त्यातून त्यांच्या हाताला लागतं ते एकच, मुलाचा रोजचा दिवस. सकाळी कोण उठवतं, डबा कोण भरतं, ताप आला तर रात्री कोण जागतं, शाळेतून फोन आला तर कोणाला येतो. म्हणून माझ्याकडे ताब्यासाठी येणाऱ्या प्रत्येकाला, आई असो वा बाप, मी पहिल्या भेटीत एकच काम देते. शंभर पानी वही आणायची. डाव्या पानावर मुलांचा पुण्यातला एक दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत, तासातासाने. उजव्या पानावर इंदूरचा. आणि प्रत्येक तासापुढे हे कोण करत होतं, कोण करतं ते लिहायचं. नवरा जे करत होता तेही. रविवारी पोहायला तो नेत असेल, गणित तो घेत असेल, तर तसंच्या तसं. हे लपवलंत तर उलटतपासणीत निघेल आणि मग बाकीच्या खऱ्या ओळींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

काही वर्षांपूर्वी रामबागेतले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती, आणि ते तावातावाने म्हणत होते, मला पूर्ण ताबा पाहिजे. मी त्यांना वही दिली. समोरच्याच खुर्चीवर बसून लिहायला लागले. सकाळी सात वाजता, "आई उठवते". साडेसात, "आई वेणी घालते". आठ, "व्हॅन येते". मग पेन थांबलं. व्हॅनवाल्याचं नाव माहीत नाही, वर्गशिक्षिकेचं नाही, दुपारी मुलगी काय खाते ते नाही. संध्याकाळी सहापर्यंत पान कोरं. ते बराच वेळ त्या कोऱ्या रेघांकडे बघत बसले आणि म्हणाले, "मॅडम, मी रात्री गोष्ट सांगतो तिला." मी म्हटलं, ते लिहा. त्या एका ओळीवर आम्ही त्यांचा अर्ज उभा केला. ताबा मागायचा सोडला आणि रोज रात्री आठला फोनवर गोष्ट, दर शनिवार-रविवार भेट, शाळेच्या पालकसभेला हजेरी, एवढं मागितलं. मिळालं. सहा महिन्यांनी त्यांची वही भरलेली होती आणि सुट्टीतल्या मुक्कामाला मुलीच्या आईनेच हरकत घेतली नाही.

तुमच्या वहीत दुबळी जागा कुठली ते मी आत्ताच सांगते. मुलगा पुण्यात तिसरीपर्यंत मराठी शिकला असेल, इथे त्याला हिंदी आहे. मित्र बदलले, घर बदललं, शाळा बदलली, तेही वर्षाच्या मध्यात. समोरचा वकील पहिल्याच परिच्छेदात लिहील की मुलांना न विचारता, न सांगता उचलून नेलं. याला रागाने उत्तर देऊ नका, कागदाने द्या. इथल्या शाळेत त्याची हजेरी किती, हिंदीची वही कशी सुधारत गेली, बाई काय शेरा देतात, धाकटीचं लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांची फाइल, आजी-आजोबा दिवसभर घरी असतात ही गोष्ट. आणि त्या रात्रीचं दार. त्या रात्री तुम्ही कोणाला फोन केला? बहिणीला मेसेज केला असेल, शेजाऱ्यांनी पाहिलं असेल, सोसायटीच्या वॉचमनने पाहिलं असेल. तो मेसेज ज्या फोनवर आहे तो फोन बदलू नका, फॉरमॅट करू नका. नवरा-बायकोमधलं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंगही वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलंय. पण मुलांना बोलतं करून त्यांचं रेकॉर्डिंग करण्याच्या मोहात पडू नका. "सांग, बाबा तुला मारायचे ना?" असा आवाज न्यायालयात वाजला की ऐकणाऱ्याला बापाचा मार ऐकू येत नाही, आईचं पढवणं ऐकू येतं.

आता फोन. ताई, तुमच्या पत्रातली मला सर्वांत लागलेली गोष्ट ही. तुमचा हेतू मला कळतो. लेकरू रात्री उशीत तोंड खुपसून रडतं ते कुठल्या आईला बघवेल? पण तो रडतो ते बाबांशी बोलल्यामुळे नाही. बोलणं संपलं म्हणून रडतो. फोन बंद केल्यावर रडणं थांबलं असेल, तर आठवण गेली असं समजू नका. आईसमोर बाबांचं नाव काढायचं नाही, हे तो शिकला.

कायद्याच्या बाजूने बघा. 2020 मध्ये यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्या पालकाकडे मूल नाही, त्याला रोज 5 ते 10 मिनिटं तरी मुलाशी बोलायला मिळालं पाहिजे, आणि मुलाला दोन्ही पालकांचं प्रेम मिळणं हा मुलाचाच हक्क आहे. त्याआधी 2017 मध्ये विवेक सिंग विरुद्ध रोमानी सिंग प्रकरणात मुलगी अगदी लहानपणापासून बापाकडे होती, ती त्याच्याजवळच राहायचं म्हणत होती. तरी आईपासून तिला तोडलं गेल्याचं लक्षात घेऊन न्यायालयाने सुरुवातीला एक वर्षासाठी ताबा आईकडे दिला. हे आज तुम्हाला उलट बाजूने लागू शकतं. महिनाभर बंद असलेला फोन हा त्याच्या वकिलाच्या हातातला सगळ्यात चांगला कागद आहे, आणि तो तुम्ही त्याला दिलाय.

आजच साधा मेसेज पाठवा. "आजपासून रोज संध्याकाळी साडेसात ते पावणेआठ मुलं व्हिडिओ कॉलवर असतील. मधे महिनाभर बोलणं झालं नाही, आता नियमित होईल." बस. का झालं नाही, कोणामुळे, त्या रात्री काय केलंस, एक शब्द नको. तोच मेसेज उद्या न्यायालयात तुमच्या बाजूने वाचला जाईल. कॉलच्या वेळी फोन टेकवून ठेवा आणि तुम्ही स्वयंपाकघरात जा. पडद्यामागे उभं राहून खुणा करू नका. पोरं त्या खुणा बघतात आणि त्यांचे बाबाही मुलांच्या नजरेवरून ओळखतात. कॉलनंतरचा अर्धा तास मुलाजवळ बसा. रडला तर रडू द्या, पाठीवर हात ठेवा.

एक प्रसंग सांगते. न्यायालयातल्या भेटीच्या वेळी एक बाप सात वर्षांच्या मुलासाठी बूट घेऊन आला. चार महिने भेट नव्हती. त्याच्या डोक्यात मुलाचा पाय जुनाच होता. मुलाने बूट पायात घालून बघितला, बोटं आत जाईनात. तो बापाकडे बघतो, मग कोपऱ्यात बसलेल्या आईकडे. आई माझी अशील. ती उठून आली, खाली बसली, बूट काढून घेतला आणि म्हणाली, "छान आहेत रे, थोडे घट्ट आहेत, बाबा बदलून आणतील. बाबांना नंबर सांग, दोन." मुलाने बोटं दाखवून नंबर सांगितला. त्यांचा दावा त्यानंतरही दीड वर्ष चालला, पण भेटींसाठी पुन्हा कधी अर्ज करावा लागला नाही.

हे सगळं लागू केव्हा नाही, तेही स्पष्ट सांगते. बापाने मुलांना मारलं असेल, घाणेरडा स्पर्श केला असेल, दारू पिऊन गाडीत घातलं असेल, तर न्यायालयाला पहिल्याच अर्जात सांगा आणि भेटी न्यायालयाच्या देखरेखीखाली मागा. घरगुती हिंसाचार कायदा 2005 च्या कलम 21 खाली दंडाधिकारी मुलांचा तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि भेट मुलाला घातक वाटली तर ती नाकारूही शकतात. तुमच्या पत्रात मुलांच्या बाबतीत तसं काही नाही. तुमच्या बाबतीत मात्र आहे, आणि त्याकडे वळते.

बाईला रात्रभर घराबाहेर ठेवणं हा छळ आहे, त्यात शंका नाही. 2005 च्या कायद्यात मारहाणीबरोबर शाब्दिक आणि मानसिक छळही येतो, आणि तुम्ही तात्पुरत्या जिथे राहता तिथेही, म्हणजे इंदूरलाही, अर्ज करता येतो. संरक्षण, निवासाची सोय, खर्च, सगळं त्यात मागता येतं. हा रस्ता मला तुमच्यासाठी योग्य वाटतो. काकांचा 498-अ हा फौजदारी रस्ता. ते कलम आता भारतीय न्याय संहितेत 85 वं आहे. 1 जुलै 2024 पासूनच्या घटनांना नवं, आधीच्यांना जुनं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या निर्णयामुळे माहेरच्या गावीही ही तक्रार देता येते. पण "आठ दिवसांत सरळ येईल" हा काळ गेला. 2014 च्या अर्नेश कुमार निर्णयानंतर पोलीस आपोआप अटक करत नाहीत. नुसता दाब आणायला केलेली तक्रार, ज्यात म्हाताऱ्या सासूचं आणि नागपूरच्या नणंदेचंही नाव घातलंय, ती ताब्याच्या दाव्यात तुमच्यावर उलटते. जे घडलं आणि जे सिद्ध करता येईल ते जरूर लिहा, पूर्ण लिहा, घाबरू नका. जे घडलं नाही त्याचा एक शब्द नको.

नवराही धमक्या देईल. "मुलं पळवली म्हणून केस करतो", "उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस टाकतो". ताब्याबाबत कोणताही आदेश नसताना आईजवळ असलेली मुलं ही सहसा अपहरणाची बाब ठरत नाही. हेबियस कॉर्पस, म्हणजे बंदी-प्रत्यक्षीकरणाची याचिका, ताब्यासाठी होऊ शकते, पण मूल बेकायदेशीरपणे अडकवलंय असं दाखवावं लागतं. मात्र एकदा न्यायालयाचा आदेश झाला, तो भेटीचा असला तरी, मोडू नका. तो चुकीचा वाटला तर वर अपील करा.

पैशाचं आता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 125 खाली, तुमच्यासाठी आणि दोन्ही मुलांसाठी पोटगीचा अर्ज इंदूरच्या कुटुंब न्यायालयात करता येतो, पुण्याला जायची गरज नाही. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून 60 दिवसांत निकाली काढायचा असतो. व्यवहारात वेळ जास्त लागतो, पण 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, म्हणून उशीर करू नका. याच निकालाने दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च यांचं शपथपत्र द्यावं लागतं. त्यात तुमची एफडी, सोनं, शिकवणीचे चार पैसे मिळत असतील तर तेही लिहा. इथेही वही कामाला येते. व्हॅन, फी, दूध, औषध, बूट, महिन्याचा हिशेब पावत्यांसकट. "मुलांना खर्च लागतो" यापेक्षा "व्हॅनचे महिन्याला इतके" हे न्यायाधीशांना पटकन कळतं. आणि उद्या तडजोडीत कोणी म्हणालं, पोटगी सोडा म्हणजे मुलं तुमच्याकडे ठेवू देतो, तर स्वतःचा हक्क सोडायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मुलांचा हक्क सोडायचा अधिकार तुम्हाला नाही.

ताब्याच्या अर्जाला उत्तर देताना नुसतं "देऊ नये" असं म्हणून थांबू नका. स्वतःच भेटींचा आराखडा द्या. जी आई आधीच सांगते की बाप मुलांना कधी, कुठे, कसा भेटेल, तिच्यावर न्यायाधीशांचा भरवसा बसतो. इंदूर-पुणे अंतरात दर आठवड्याची भेट चालणार नाही, तेव्हा महिन्यातून एक शनिवार-रविवार तो इथे येईल, मुलं दिवसभर त्याच्याबरोबर. उन्हाळ्याची सुट्टी निम्मी-निम्मी. धाकटी अजून लहान, तिला पहिल्या वर्षी सलग आठवड्याहून जास्त नको, भाऊ बरोबर असेल तर दहा दिवस चालतील. गणपती पुण्यातल्या घरी बसतो ना? मग गणपतीचे दिवस तिकडे. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, इंदूरची, ती इकडे. दिवाळी आलटून पालटून, एक वर्ष पाडवा-भाऊबीज इकडे, एक वर्ष तिकडे. ने-आण कोण करणार, रात्रीच्या बसने की रेल्वेने, तिकीट कोणाचं, औषधांची पिशवी कोण भरणार, तेही लिहा. शाळेच्या नोंदीत वडिलांचा फोन नंबर राहू द्या, प्रगतिपुस्तक त्यालाही पाठवा. हे बारकावे न लिहिल्यामुळे स्टेशनवर भांडणारे आई-बाप मी मोजायचे सोडून दिलेत.

ताब्याचा कोणताही आदेश कायमचा दगडावर कोरलेला नसतो. परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो, म्हणून पहिल्या आदेशात मनासारखं नाही मिळालं तरी हातपाय गाळू नका.

पुण्याला शिवाजीनगरच्या न्यायालयात तुम्हाला विवाह समुपदेशकांकडे पाठवतील. तिथे मनापासून बोला. न्यायाधीश कदाचित मुलाशी एकट्याने बोलतील. वयाची ठरावीक अट नाही, मूल समजून मत देण्याएवढं मोठं असेल तर त्याचं म्हणणं विचारात घेतात, आणि आठ वर्षांचा मुलगा तेवढा असू शकतो. त्याला आदल्या रात्री काही शिकवू नका. "तिथे एक काका किंवा काकू तुझ्याशी बोलतील, तुला वाटेल ते सांग, काहीही सांगितलंस तरी आम्ही रागावणार नाही," एवढंच. पढवलेलं मूल मोठ्यांचे शब्द वापरतं. तिसरीतला पोरगा "मानसिक छळ" म्हणाला की समोरच्याला जे कळायचं ते कळतं.

दोघांची मनं शांत झाली तर परस्परसंमतीचा घटस्फोट, हिंदू विवाह कायद्याचं कलम 13-ब, हा सर्वांत कमी जखमांचा रस्ता. त्यासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिल्या आणि दुसऱ्या अर्जातला सहा महिन्यांचा काळ काही परिस्थितीत माफही होतो, हे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळं केलं. त्या करारात वरचा आराखडा शब्दशः घाला. पण आज घाईने कुठल्याही कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर सही करू नका. मध्यस्थ कितीही जवळचा असला तरी.

मुलाला काय सांगू, हे तुम्ही शेवटी विचारलंत. आज संध्याकाळी, फोन सुरू करण्याआधी, धाकटी झोपली किंवा आजीकडे असली की त्याला जवळ घ्या. सगळं सांगायची गरज नाही, खोटंही सांगू नका. असं काहीसं म्हणा: "बाबा आणि मी आता एका घरात राहत नाही. आमचं आमच्यात पटत नाही, ते मोठ्यांचं आहे, तुझ्यामुळे काही झालं नाही. बाबा तुझे बाबाच आहेत. महिनाभर फोन बंद होता तो मी ठेवला होता, चुकलं माझं. आजपासून रोज साडेसातला बोलायचं." तो विचारेल, आपण पुण्याला कधी जाणार? म्हणा, "ते अजून ठरलं नाही, ठरलं की तुला आधी सांगेन." मग घड्याळ दाखवा, काटा कुठे आला की साडेसात ते त्यालाच ओळखू द्या, आणि फोन त्याच्या हातात द्या.